अकरावं मिनिट

गिरणीतला कॉम्प्युटर अकराव्या मिनिटाला गोठतो.
दहाव्याला नाही, साडेदहाला नाही.
सुन्वर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवते.
"अपडेट आल्यापासून," म्हणते,
जसं कुणी म्हणावं, सून आल्यापासून.

बाहेर फेरो बेटांचं दक्षिण टोक,
वागुरच्या खाडीवर धुकं
मेंढ्यांच्या पाठीपर्यंत उतरलेलं.
आत ओल्या लोकरीचा वास,
आणि रंगांच्या डब्यांखाली, पुठ्ठ्यावर,
चौदा वर्षांचं ते पांढरं खोकं.
पांढरं म्हणायचं ते आता सवयीनं.

कुणाच्या कळपाची किती लोकर, कुणाची उधारी,
तिच्या आत्यानं जमवलेले विणीचे दोनशे बारा नमुने,
बर्गनहून आलेली साठ स्वेटरांची मागणी,
सगळं त्याच्याच पोटात.

मी शाळेत गणित शिकवतो. हे काम संध्याकाळचं,
बदल्यात सुकवलेलं मटण, रुबार्बचा मुरंबा.

पहिल्या रात्री पंखा उघडला.
आतून एक लहानसं मेंढरूच निघालं:
करडी लोकर, तपकिरी, थोडी काळी,
कातली असती तर मोज्याची टाच झाली असती.
"आता चालेल," मी म्हणालो.
अकराव्या मिनिटाला बाण थांबला.

दुसऱ्या रात्री पडद्याचा ड्रायव्हर.
जुना काढून नवा घातला,
नवा काढून त्याहून जुना.
तिसऱ्या रात्री अपडेटच उपटून टाकलं.
तीन दिवस शांत.
चौथ्या पहाटे ते आपणहून परत,
पोत्यात घालून पलीकडच्या गावी सोडलेलं मांजर
दारात बसलेलं असावं तसं.

मग डिस्क. मग केबल. मग नुसत्याच शिव्या,
कुठल्याशा दूरच्या इमारतीत बसून
अपडेट पाठवणाऱ्यांना.
आग रामेश्वरी, आणि माझा बंब भलत्याच गावी.

सुन्वर विणत राहिली.
गोठलं की वहीच्या कडेला लिहायची
तारीख, वेळ, आणि पुढे: अपडेट.
एकोणीस नोंदी, सारख्याच अक्षरात, न चिडता.

शेवटी मेमरीची चाचणी लावून घरी गेलो.
हे पहिल्याच रात्री करायचं असतं.
वर्गात मी नेमकं हेच सांगतो:
उत्तर चुकलं तर आधीची पायरी बघा.

सकाळी पडदाभर लाल ओळी.
दोन पट्ट्यांपैकी एक, वरची,
कधीचीच मेलेली.

कधीची, ते कोण सांगणार.
जुनी व्यवस्था काटकसरी होती,
खालच्या फडताळात भागवायची,
वर हात घालायची वेळच आली नाही तिच्यावर.
नवी आली, तिचा पसारा मोठा.
तिनं वरचं दार उघडलं
आणि आत जे वर्षानुवर्षं सडत होतं
ते तिच्याच अंगावर आलं.
आम्ही म्हणालो, हिनंच सांडलं.

पट्टी काढली. बोटाएवढी, हलकी.
सुन्वरनं ती बटणांच्या डब्यात टाकली.
चालू केलं. दोघंही घड्याळाकडे.
नऊ. दहा. दहा नि चाळीस सेकंद.
तिच्या सुया थांबल्या.
अकरा.
बारा.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं,
बहुतेक मघापासून.

"उघडायला वेळ लावतो आता," ती म्हणाली.
"अर्ध्यावर चालतोय. नवी पट्टी बोटीनं येईल,
इतकी जुनी कुठे मिळाली तर."
"म्हणजे अपडेटचा दोष नव्हता?"
"नव्हता."

तिनं वही ओढली, पेन्सिल घेतली,
आणि एकेक 'अपडेट' खोडत गेली, सावकाश,
चुकलेला टाका उसवावा तशी.
अठरा खोडले. एकोणिसावं तसंच ठेवलं.
"हे?"
"त्या दिवशी वीज गेली होती."
"मग?"
"मग काय. कुणाच्या तरी नावावर लिहायला लागतंच."